वाळवी आपोआप येते की आपणच तिला आवतण देतो?

ओसरी
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.
झालंय असं की आमचं घर तळमजल्यावर, पुढेमागे थोडी मोकळी माती. गेल्या ३ वर्षांत २ वेळा वाळवीचं औषध करून झालं. दोन्ही वेळा फरशीला भोकं, घरभर वास, आठवडाभर सगळं सामान खोलीच्या मधोमध आणि आम्ही कडेकडेने चालतोय. तरी आता परत! बाथरूमच्या चौकटीचं खालचं लाकूड बोटाने दाबलं तर आत जातं आणि मागच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात मातीचे पोपडे सापडले. औषधवाल्याला फोन केला तर म्हणतो ताई, औषधात खोट नाही, तुमच्या सवयींमुळे येते. आता मला सांगा, मी बाथरूम रोज धुते, घर रोज पुसते, झाडांना न चुकता पाणी घालते, दर २ वर्षांनी रंग काढते. यात बोलावण्यासारखं काय आहे? नवऱ्याचं म्हणणं औषधात पाणीच जास्त होतं.
तर सवयींमुळे खरंच वाळवी येते का की हा हात झटकायचा प्रकार आहे?

टिकली
हात झटकणे. माझे दोन पैसे.

अर्धवटराव
रॉकेल मारा, विषय संपला. आमचे आजोबा तेच करायचे.

रंधा
अर्धवटराव, रॉकेल जिला लागेल ती वाळवी मरते हे खरं, पण तुम्हाला लाकडात दिसतात त्या कामकरी, आंधळ्या, पांढरट, मऊ अंगाच्या. राणी बसलीय जमिनीत, कुठंतरी लांब, आणि ती वर्षानुवर्षं अंडी घालते, दहा-दहा वर्षं जगते. तुम्ही रॉकेलने १०० मारल्या तर तिला पत्ताही लागत नाही. शिवाय घरातल्या लाकडाला रॉकेल पाजून ठेवायचं म्हणजे आगीला आमंत्रण.
ओसरीताई, मी सुतारकाम करतो, २० वर्षं होतील. तुमचा औषधवाला बोलला ते अर्धं खरं असणार. जमिनीतल्या वाळवीला दोन गोष्टी लागतात, ओल आणि मातीपासून लाकडापर्यंत लपूनछपून जायचा रस्ता. अंग इतकं नाजूक की उघड्या कोरड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून तर मातीच्या नळ्या बांधत येते. ओल आणि रस्ता या दोन्ही गोष्टी बहुतेक घरात घरातलीच माणसं पुरवतात. मुद्दाम नाही करत कोणी, पण करतात.
एक सांगा, चौकटीत माती दिसतेय का? का नुसतं मऊ झालंय?

चिंगी
आमच्याकडे वाळवीने पुस्तकं खाल्ली होती. पुठ्ठ्याची खोकी भरून खाली जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवली होती ४ वर्षं, "नंतर लावू" म्हणून. एक दिवस वरचं पुस्तक उचललं तर कव्हर हातात आलं आणि आत चौकोनी खड्डा. पानांच्या कडा तेवढ्या शाबूत, मधला मजकूर गायब. आमच्या घरात सगळ्यात जास्त वाचन तिचंच झालं.

टिकली
@चिंगी खिक्! निदान कोणीतरी पूर्ण वाचली.

पागोळी
चिंगी, भावना पोचल्या. पुठ्ठा म्हणजे वाळवीसाठी लाकडापेक्षा सोपा, आधीच लगदा केलेला. जमिनीला टेकलेला पुठ्ठा, त्यामागे ओलसर भिंत आणि तिथे वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, याहून चांगली जागा तिला मिळणार नाही. माळ्यावर, जिन्याखाली, पलंगाखाली हेच असतं. आम्ही आता सगळं झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत आणि डबे लोखंडी मांडणीवर, भिंतीपासून चार बोटं लांब. वाळवी आली तरी नळी दिसेल एवढी फट पाहिजे. दिसणं महत्त्वाचं.

अर्धवटराव
मग आता भिंतीपासून लांब कपाटं, लांब पलंग, लांब माणसं. राहायचं कुठे, अंगणात?

गवाक्ष
जरा वेगळं मत. सवयी वगैरे ठीक आहे, पण लोक उगाच स्वतःला दोष देतात. बांधकाम करताना सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, झाडांची खोडं-मुळं जोत्याच्या भरावात तशीच पुरून ठेवतात आणि वर फरशी घालून मोकळे होतात. म्हणजे घराखाली तिची शिदोरी आधीच बांधून ठेवलेली. फरशीत १ मिलिमीटरची फट मिळाली तरी तिला वर यायला पुरते. यात घर पुसणाऱ्या बाईची काय चूक?

रंधा
@गवाक्ष, बरोबर, आणि तेही सवयीतच मोडतं, फक्त ती बांधणाऱ्याची सवय. तोडलेल्या झाडाचं खोड घराशेजारी ठेवायचं हा सुद्धा तोच प्रकार. त्यावर कुंडी ठेवतात वर, शोभेला.

ओसरी
@रंधा, आत्ता बघून आले. चौकटीत माती नाही! खालची साधारण चार-पाच इंच काळपट झालीय, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर अर्धा इंच सहज आत गेला. कोरड्या भागाला आडव्याउभ्या भेगा पडून लहान लहान चौकोनी ठोकळे झालेत, बोटात धरून चुरले तर पावडर होते. कपाटात मात्र मातीच माती.

रंधा
मग ताई, तुमच्या घरात दोन वेगळे पाहुणे आहेत आणि तुम्ही दोघांना एकच औषध पाजताय. आग सोमेश्वरी बंब रामेश्वरी.
चौकटीला लागलंय ते कुजणं. बुरशी. ती लाकूड अशा ठोकळ्या-ठोकळ्यांनी फोडते, रंग तपकिरी होतो. दुसऱ्या एका जातीची बुरशी लाकूड पांढरट, तंतूतंतू, स्पंजसारखं करते. दोन्हीला पाणी लागतं. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली राहिलं की बुरशी कामच करू शकत नाही, आणि जास्तीत जास्त नुकसान होतं ते लाकूड बराच काळ ओलसर राहिलं की, पूर्ण पाण्यात बुडालेलं असताना नव्हे. म्हणजे कीटकनाशक कितीही मारा, बुरशीला त्याचं काही नाही, पाणी तोडा.
आता तुमचं "रोज बाथरूम धुते" बघू. धुणं चुकीचं नाही. पण चौकट फरशीत बसवलेली, धुतलेलं पाणी तिच्या पायाशी साचतं, वरून पायपुसणं ठेवलेलं, ते दिवसभर ओलं. आणि चौकटीचं खालचं कापलेलं टोक रंगवलेलं नसणार, पैजेवर सांगतो. लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांचा जुडगा असतो हो. बाजूने पाणी हळू शिरतं, टोकाकडून मात्र ते काडीने ओढल्यासारखं वर चढतं. आम्ही कारागीर लोक दिसणारा भाग तेवढा चकचकीत करतो आणि टोकं, दाराची वरची-खालची कड कोरीच सोडतो, कारण तिथे कोण बघतंय? हा दोष आमच्याच धंद्याचा, कबूल करतो.

कुंचला
मी रंगकाम करतो, यात माझ्याकडून भर. "दर २ वर्षांनी रंग काढते" यात पण गोम आहे. मऊ पडलेल्या लाकडावर पुट्टी भरून वर ऑइल पेंटचे दोन हात, हा मी स्वतः मारलेला रंग आहे शेकडो वेळा, कारण मालक म्हणतो दोन दिवसात पाहिजे. आत ओल आहे, वरून रंगाने कोंडलं, आता ती ओल बाहेर जाणार कुठून? लाकूड रंगाखाली निवांत कुजतं. वरून कीर्तन आतून तमाशा. एका घरात मी खिडकीच्या कडेला नुसता पत्रा टेकवला तर रंगाची अख्खी पापडी सालासारखी निघाली आणि आत लाकूडच नव्हतं, रंगाचा साचा उभा होता.
रंग फुगला, पोपडा आला की आधी विचारायचं पाणी कुठून येतंय. घासून परत रंग मारणं म्हणजे तापाला पावडर लावणं.

टिकली
"रंगाचा साचा उभा होता" हे वाचून उठले आणि घरातल्या सगळ्या चौकटी ठोकून आले. सासूबाई विचारतायत काय झालं हिला.

पागोळी
@टिकली ठोकणं बरोबरच आहे. भरीव टक् यायला पाहिजे, पोकळ डब्यासारखा आवाज आला तर शंका घ्यायची. पण कुजण्याच्या सुरुवातीला आवाज बदलत नाही, तिथे टोचूनच बघावं लागतं. टोचायच्या जागा: चौकटींचे पाय, खिडकीचा खालचा आडवा तुकडा, सिंकखालच्या कपाटाचा तळ, पन्हळीखालची फळी.
पन्हळीवरून आठवलं, नाव घेतलंय मी पागोळीचं, तेव्हा बोलायलाच हवं. पन्हळी पानांनी तुंबतात, वर्षात एकदाही कोणी शिडी लावत नाही, पाणी मग उलटं वाशांवर आणि भिंतीवर उतरतं. किंवा खाली उतरणारा पाइप भिंतीच्या पायाशीच सोडलेला असतो. मुसळधार पावसाचं सगळं छताचं पाणी एका कोपऱ्यात. आमच्या जुन्या घराचा तोच कोपरा पहिल्यांदा गेला. पाइपला खाली वाकडा तुकडा जोडून पाणी ५-६ फूट लांब सोडलं, बास, तेवढंच केलं, भिंत एका उन्हाळ्यात सुकली.

नवखा_१
एक शंका. आमच्या पलंगाखाली रोज सकाळी बारीक पीठ सांडलेलं असतं, पुसलं की परत. माती नाही. ही पण वाळवीच ना? लाकूड सागवान आहे असं दुकानदार म्हणाला होता, सागाला कीड लागत नाही ना?

रंधा
@नवखा_१, पीठ कसं आहे? बोटांत चोळलं तर टाल्कम पावडरसारखं गुळगुळीत आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर भुंगेरा. त्याची अळी आत महिनोन्महिने पोखरत असते, भोक दिसतं ते किडा बाहेर पडून गेल्यावर. पीठ नसून बारीक वाळूसारखे दाणे असतील तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, दाण्याला सहा कडा दिसल्या तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमीन लागत नाही, मातीच्या नळ्याही बांधत नाही, लाकडातच घर. ते दाणे म्हणजे तिची विष्ठा.
सागाचं म्हणाल तर गाभ्याचं गडद लाकूड टिकतं. सालीलगतचं पांढरट लाकूड सागाचं असलं तरी किडीला चालतं. स्वस्तात सागवान मिळालं की पलंगाच्या आतल्या पट्ट्या उलटून बघायच्या, पांढऱ्या असतात बहुतेक. हा भुंगेरा कोऱ्या लाकडाच्या छिद्रांत अंडी घालतो, पॉलिश केलेल्या बाजूने नाही. म्हणजे परत तेच, न दिसणारी बाजू कोरी सोडायची सवय.

नवखा_१
दाणे आहेत. सहा कडा आहेत. मी गेले सहा महिने हे हाताने पुसतोय. 🤢

चिंगी
इनो घ्या.

गवाक्ष
अवांतर: वाळवीला मुंग्यांची बहीण समजतात लोक, पण ती झुरळांच्या गणात मोडते. आणि ज्या वाळव्या मोठी वारुळं बांधतात त्यातल्या काही आत चक्क बुरशीची शेती करतात, लाकूड चावून त्याचा लगदा बुरशीला घालायचा आणि मग ते खायचं. लाकूड एकटीला पचत नाही, पोटातले सूक्ष्मजीव पचवतात.
दुसरं, पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या येतात त्या बघून लोक घाबरतात. बाहेरून दिव्याला आल्या तर फार काही नाही, दिवा घालवा, खिडकी लावा. पण दारंखिडक्या बंद असताना आतच, भिंतीच्या फटीतून निघाल्या किंवा खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर गळलेल्या पंखांचा ढीग सापडला तर समजायचं वसाहत घरातच किंवा घराखाली आहे. मुंगीशी गोंधळ होतो. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या मोडलेल्या, वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख एकसारख्या लांबीचे.

अर्धवटराव
मिशा बघायला तिला थांब म्हणू का जरा? 😄
सिरियसली, एवढं सगळं करण्यापेक्षा लाकूडच नको. आम्ही सगळी दारं-खिडक्या ॲल्युमिनियमची केली आणि फर्निचर वॉटरप्रूफ प्लायचं. झोप लागते शांत.

रंधा
ॲल्युमिनियम ठीक. पण वॉटरप्रूफ प्लाय म्हणजे त्यातला डिंक पाण्याने सुटत नाही एवढंच. थर सुटणार नाहीत, लाकूड मात्र लाकूडच. वेगळी कीडरोधक प्रक्रिया केलेली नसेल तर वाळवी आनंदाने खाते. सिंकखालचं कपाट उघडून बघा एकदा, पाइपच्या सांध्याखाली काळा डाग असेल तर मला सांगा.

अर्धवटराव
...
आहे.

टिकली
😂😂😂 शांत झोप!

अर्धवटराव
थेंब थेंब गळतोय, बायको म्हणते ४ महिने झाले मी तुला सांगतेय. खाली वाटी ठेवली होती म्हणे. वाटी मलाच दिसली नाही.

पागोळी
वाटी ठेवणे हीच ती सवय, ओसरीताईंच्या प्रश्नाचं उत्तर. एसीच्या पाण्याचा पाइप पण असाच. बाहेर भिंतीवरून ओघळत असतो, भिंतीवर हिरवी रेघ उमटते, आपण म्हणतो पाणीच तर आहे. आत त्याच भिंतीला कपाट ठोकलेलं असतं. कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो ना, घराच्या बाबतीत ते शब्दशः खरं.

ओसरी
थांबा थांबा. पागोळी, तुमचं वाचून उद्या सकाळी कपाटाच्या बाहेरच्या बाजूला जाऊन बघणार आहे. एसी नाहीये तिकडे, पण तिकडे माझी बाग आहे.

रंधा
बाग भिंतीला लागून आहे का? माती जोत्याच्या किती वरपर्यंत आलीय ते बघा. आणि आत एक काम करा. एखादी जाड नळी, पेन्सिलीएवढी असते, मधूनच इंचभर मोडा आणि तशीच सोडा. दोन-तीन दिवसांनी बघा. परत जोडली असेल तर वाहतूक चालू आहे. नाही जोडली तर बहुतेक जुना रस्ता आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, दुसरीकडून चालू असू शकते.

कुंचला
बाग म्हटल्यावर धडकी भरली. भिंतीवर वेल पण चढवला असेल तर तो पण बघा. वेलाखाली भिंत सुकत नाही आणि मागची नळी दिसत नाही.

ओसरी
३ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी. काय सांगू.
आधी आतलं. नळी मोडली होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर जोडलेली. जुनी माती फिकट, सुकी आणि मधला इंचभर गडद ओला, जणू कोणी नुकतंच प्लॅस्टर केलंय. टॉर्च मारली तर एका टोकाला अजून काम चालू होतं, इवलीशी पांढरी डोकी एकेक कण आणून लावत होती. किळस पण आली आणि खरं सांगू, कौतुक पण वाटलं. माझ्या घरी प्लंबर ८ दिवस येत नाही.
आता बाहेरचं. ३ वर्षांपूर्वी पहिलं औषध झालं आणि त्यानंतर महिन्याभरात मी त्या भिंतीलगत वाफा केला. भिंतीच्या कडेने दीड फूट खणलं, जुनी माती काढली, नवीन खतमाती भरली, चांगली जोत्याच्या वर वीतभर. वर लाकडाचे तुकडे आणि भुसा पसरला, ओल टिकते म्हणून. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. दुसऱ्या औषधाच्या वेळी त्यांनी वाफा काढा म्हटलं होतं, मी फुलं आलीत म्हणून काढू दिला नाही. काल खुरप्याने भिंतीलगतची माती ओढली तर जोत्याच्या वरच्या कडेने तीन नळ्या सरळ भिंतीच्या भेगेत.
नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

गवाक्ष
मग खुलासा झाला. भिंतीलगतच्या मातीत औषध मुरवतात त्याचा एक पट्टा तयार होतो, तो तुटला की तिथे दार उघडं. तुम्ही पट्टाच उकरून बाहेर टाकलात आणि त्या जागी खायला, प्यायला आणि लपायला सगळं दिलंत. मी सुरुवातीला हात झटकण्याबद्दल बोललो नव्हतो तरी औषधवाल्याची मनात थोडी माफी मागतो.

टिकली
मी बोलले होते. प्रतिसाद काढून टाकला आहे असं समजा.

रंधा
ताई, घाबरू नका, हे सुटण्यासारखं आहे. क्रम मात्र चुकवू नका, नाहीतर वरातीमागून घोडं होतं.
वाफा भिंतीपासून निदान दोन फूट लांब न्या. जोतं वीतभर तरी उघडं दिसलं पाहिजे, लाकूड आणि माती यात साधारण ६ इंच अंतर हा साधा हिशोब. भिंतीकडून जमिनीला बाहेर उतार द्या. भुसा-लाकूड भिंतीजवळ नकोच. भेग भरायची घाई करू नका, आधी औषध. औषधवाला जुनाच बोलवा, त्याला निदान माहितीय. त्याला विचारा मातीत मुरवणारं देणार का आमिषाची पेटी लावणार. आमिष वाळवी स्वतः खाऊन इतरांना भरवते म्हणून वसाहतीपर्यंत पोचतं, पण हळू, महिने लागतात, त्या काळात नळ्या मोडत बसायचं नाही, तिला जाऊ-येऊ द्यायचं. आणि एकदा काम झालं की भिंतीच्या कडेला परत खणायचं नाही.
कपाटाची मागची फळी काढून टाका, त्या भिंतीला महिनाभर उघडं राहू दे.
चौकटीसाठी वाळवीचं औषध नको. पाणी साचायची जागा शोधा, फरशीच्या सांध्यात नवीन ग्राउट भरून घ्या, पायपुसणं रोज वाळत टाका. कुजलेलं लाकूड चांगल्या लाकडात वीतभर वर जाईपर्यंत कापून काढायचं आणि खाली दगडाचा किंवा सिमेंटचा ठोकळा देऊन त्यावर नवीन तुकडा जोडायचा. जोडायच्या आधी नवीन तुकड्याला बोरॅक्स आणि बोरिक पावडरचं पाणी पाजा, दोन-तीन हात, टोक तर बुडवूनच. बाहेर पावसात ते धुऊन जातं, आत चालतं. सुकलं की सगळ्या बाजूंनी रंग, खालच्या टोकाला आधी.

कुंचला
+१. आणि मी रंगवायला आलो तर लाकूड सुकलंय का विचारा मला. मी हो म्हणालो तरी विश्वास ठेवू नका, स्वतः बघा.

नवखा_१
माझ्या पलंगाचं काय करू?

रंधा
@नवखा_१, एकाच पट्टीत असेल तर पट्टी बदला, नाहीतर भोकांतून सिरिंजने औषध भरणारा माणूस गाठा. पट्टीचा फोटो टाका, पांढरी बाजू दिसू दे.

अर्धवटराव
सिंकचा सांधा बदलून आलो. खालचा प्लाय काढला तर अर्धा हातातच आला. रॉकेल मारलं नाही, नोंद घ्यावी.

चिंगी
नोंद घेतली. वाटी कुठाय?

अर्धवटराव
वाटी बायकोने जपून ठेवलीय, पुराव्यासाठी.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. वाफा हलवला, नवऱ्यानेच फावडं मारलं. मारताना विचारत होता की हा इतक्या भिंतीजवळ घ्यायला कोणी सांगितलं होतं. मग आठवलं, झाडांना पाणी घालायची नळी पुरत नाही म्हणून त्यानेच सांगितलं होतं.